कोणती आष्टी? गाडीतलं नेव्हिगेशन कुठे खरं सांगतं आणि कुठे चुकतं

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लातूरहून आष्टीला लग्नाला निघालो होतो. दिरांनी नवी गाडी घेतली होती, टॉप मॉडेल, नेव्हिगेशन कंपनीतूनच बसवून आलेलं. पुतण्याने पडद्यावर ‘आष्टी’ टाकलं, पहिलं नाव आलं ते दाबलं आणि गाडी निघाली. अंबाजोगाई मागे पडली, केज आलं. यंत्राने सरळ जायला सांगितलं, आम्ही सरळ गेलो. नेकनूरची पाटी दिसली तशी मागच्या सीटवर डुलक्या घेणारे अण्णा ताठ झाले. “आपण नेकनूरकडं कशामुळं चाललोत? आष्टीला जायचं तर केजातून धारूरकडं वळावं लागतंय ना!”

गाडी कडेला घेऊन पाहिलं. यंत्र आम्हाला मांजरसुंबा, पाटोदा करत बीड जिल्ह्यातल्या आष्टीला नेत होतं. लग्न होतं जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यातल्या आष्टीला. केजला परत फिरून धारूर, तेलगाव, माजलगाव करत पोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. नवरी अण्णांच्या धाकट्या बहिणीची नात. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत, पण परतीच्या वाटेवर त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

पुतण्या म्हणाला, “जीपीएसच बेकार आहे.” मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे वाक्य मनातून जाईना. कारण त्या दिवशी जीपीएस कुठेच चुकलं नव्हतं. आम्ही केजच्या चौकात आहोत हे त्याला काही मीटरच्या फरकाने नेमकं ठाऊक होतं. चूक दुसरीकडेच झाली होती.

गाडीतलं नेव्हिगेशन आपल्याला एकच यंत्र वाटतं, पण आत चार वेगवेगळी कामं चाललेली असतात. गाडी आत्ता कुठे आहे ते ओळखणं, भोवतीच्या रस्त्यांचा नकाशा बाळगणं, आपण सांगितलेलं गाव शोधणं आणि तिथपर्यंतची वाट ठरवणं. या चौघांचा भरवसा सारखा नाही. मराठवाड्यात तर त्यांच्यातला फरक फारच मोठा आहे. म्हणून ‘नेव्हिगेशनवर विश्वास ठेवावा का’ असा सरसकट प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. यातल्या कोणत्या कामावर, हे विचारावं लागतं.

आभाळातलं काम

पहिलं काम उपग्रहांचं. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. प्रत्येकावर आण्विक घड्याळ असतं आणि प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो की ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत’. गाडीतला रिसीव्हर फक्त ऐकतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा कळायला हवी, पण गाडीतलं घड्याळ साधं असतं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, यावरून घड्याळाचं महत्त्व लक्षात यावं.

२ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे दाखवली जाई. ते बंद झालं. आता मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाईलसुद्धा पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. शिवाय रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू यांचे संदेशही आजचे रिसीव्हर घेतात. आपल्या इस्रोचं नाविक आहे. त्याचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. पुढे पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांवरची परदेशी बनावटीची आण्विक घड्याळं बंद पडली, त्याने मोठा धक्का बसला. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर देशात बनवलेलं घड्याळ आहे आणि साध्या, स्वस्त रिसीव्हरला पकडता येईल असा संदेशही त्यावरून येतो. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला पुढचा उपग्रह मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. मला या कामाची फार ओढ आहे. आपलं घड्याळ आपल्या आभाळात असणं ही लहान गोष्ट नाही.

आता मराठवाड्याचं काय? उपग्रहांच्या कामासाठी आपल्यासारखा प्रदेश नाही. मुंबईत उंच इमारतींवर आपटून संदेश वळसा घेऊन येतो, अंतर खोटं वाढतं आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. जिंतूर ते हिंगोली रस्त्यावर आडवं येणारं काही नाही. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आभाळ उघडं. इथे ठिपका चुकत नाही म्हटलं तरी चालेल.

एक गैरसमज मात्र आमच्याकडे सगळीकडे ऐकू येतो: रेंज गेली की जीपीएस जातं. तसं नसतं. उपग्रहाचा संदेश ऐकायला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. रेंज गेल्यावर जातो तो नकाशा, कारण फोन तो इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने मागवत असतो. बालाघाटाच्या डोंगरात वळणावळणावर रेंज जाते, तिथे गाडीतलं नेव्हिगेशन निवांत चालू राहतं कारण त्याचा नकाशा गाडीतच साठवलेला असतो. फोनवरही नकाशा आधी उतरवून ठेवला तर तोही चालतो.

डोळे मिटून चालणारी गाडी

गाडीतच बसवलेल्या यंत्राची खरी ताकद उपग्रह दिसेनासे झाल्यावर कळते.

अंधारात आपण आपल्या घरात चालतो तेव्हा काय करतो? दारापासून चार पावलं, मग डावीकडे, मग सहा पावलं की माठ. गाडीही तेच करते. ब्रेकसाठी चाकांवर बसवलेले सेन्सर चाक किती फिरलं ते मोजतात, म्हणजे किती पावलं चाललो ते कळतं. जायरोस्कोप नावाची चिप गाडी किती वळली ते सांगते. दोन्ही जोडून यंत्र उपग्रहाशिवाय आपली जागा काढत राहतं. खलाशी हेच फार पूर्वीपासून करत आलेत, त्याला डेड रेकनिंग म्हणतात. १९८१ साली होंडाने जपानमध्ये गाडीसाठी पहिलं नेव्हिगेशन आणलं ते पूर्णपणे याच तत्त्वावर होतं. उपग्रह नाहीच, आत वायूवर चालणारा जायरो आणि पडद्यावर ठेवायचे पारदर्शक नकाशे.

समृद्धी महामार्गाने मुंबईला जाताना इगतपुरीजवळ सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा लागतो. ताशी १०० च्या वेगाने तो पार करायला साडेचार मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उपग्रह नाहीत. फोन बहुतेक वेळा शेवटचा वेग धरून अंदाजाने ठिपका पुढे ढकलतो. आत गाड्या तुंबल्या तर त्याचा अंदाज फसतो. चाकांशी जोडलेलं यंत्र मात्र गाडी थांबली की थांबतं. त्याची मोजणी एक टक्क्याने चुकली असं धरलं तरी बोगद्याच्या तोंडाशी फरक पडेल ७५-८० मीटरचा, आणि उजेडात येताच उपग्रह तो दुरुस्त करतील.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टायर झिजले, हवा कमी झाली, किंवा कुणी हौसेने मोठ्या मापाचे टायर बसवले की चाकाच्या एका फेरीतलं अंतर बदलतं. यंत्र उपग्रहांशी ताडून हे हळूहळू शिकून घेतं, त्याला थोडा प्रवास द्यावा लागतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. पडदा मोठा आहे म्हणजे आत हे सगळं आहेच असं नाही. बाजारातून बसवून घेतलेला स्क्रीन बहुतेकदा चाकांच्या सेन्सरशी जोडलेला नसतो. आणि कित्येक गाड्यांत नेव्हिगेशन मुळात नसतंच, फोनवरचा नकाशा अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमधून पडद्यावर दिसतो इतकंच. शोरूममध्ये विचारायचा प्रश्न असा: फोन घरी ठेवला तर हा पडदा मला रस्ता दाखवेल का? चाचणीही सोपी आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी हळू फिरवा आणि बाण फिरतो का ते पाहा.

मराठवाड्याच्या उन्हाचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ च्या घरात जातो. काचेखाली स्टँडवर लावलेला फोन तापतो, पडदा मंद होतो, कधी बंदच पडतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं खुद्द अ‍ॅपलचं सांगणं आहे. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स याहून कितीतरी जास्त उष्णता गृहीत धरूनच बनवलेली असतात. उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासाला गाडीतलं यंत्र भरवशाचं वाटतं ते याच कारणाने.

नकाशा कधीचा?

इथपर्यंत सगळं छान आहे. आता जिथे खरी अडचण आहे तिकडे येते.

आपण कुठे आहोत हे यंत्राला चोख ठाऊक आहे, पण भोवती काय आहे हे ते कुणाच्या तरी नकाशावरून वाचतं. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांत मॅपमायइंडियाचा नकाशा असतो. ही कंपनी १९९५ साली राकेश आणि रश्मी वर्मा यांनी सुरू केली. काही गाड्यांत हिअर किंवा टॉमटॉमचा असतो. रस्ता झाल्यापासून तो गाडीच्या पडद्यावर येईपर्यंत मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. आधी कुणीतरी तो रस्ता मोजायचा, मग तो नकाशा कंपनीच्या साठ्यात जायचा, मग गाडीच्या कंपनीला लागतो त्या रूपात तो बसवायचा, तपासायचा, मग अपडेट निघायचं. आणि शेवटी मालकाने ते घालून घ्यायचं, जे बहुतेक जण कधीच करत नाहीत. त्यामुळे शोरूममधून आज बाहेर पडलेल्या गाडीतला नकाशाही आजचा नसतो.

समृद्धीचं उदाहरण घ्या. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता ५ जून २०२५ ला. त्याआधीच्या नकाशावर चालणारी गाडी जालन्याजवळ समृद्धीवर चढवली की पडद्यावर ती शेतातून धावताना दिसते. हे एवढ्यावर थांबलं तर चालेल, पण यंत्राला एक सवय आहे: गाडी रस्त्यावरच असणार असं धरून ते ठिपका जवळच्या माहीत असलेल्या रस्त्याला चिकटवतं. एरवी ही सवय फार उपयोगाची, उपग्रहांची पाच-दहा मीटरची चूक तिच्यामुळे झाकली जाते. नव्या रस्त्यावर मात्र तीच उलटते. यंत्र समजतं आपण बाजूच्या जुन्या रस्त्यावर आहोत, आणि ताशी १२० च्या रस्त्यावर ‘डावीकडे वळा’, ‘यू-टर्न घ्या’ अशा सूचना सुरू करतं. अशा वेळी आवाज बंद करावा आणि पाट्या वाचाव्यात. सावंगीला उतरायचं की माळीवाड्याला हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावं, कारण द्रुतगती मार्गावर चुकलेलं उतरणं म्हणजे पुढच्या उतरणीपर्यंत नाइलाज.

रस्त्याला चिकटवण्याच्या सवयीची छोटी आवृत्ती छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर दिसते. सेव्हन हिल्सचा उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशात एकमेकांवर पडलेल्या दोन रेषा आहेत. उपग्रह आडवी जागा जितकी चांगली सांगतात तितकी उंची सांगत नाहीत. गाडी पुलावर आहे की खाली हे यंत्राला खात्रीने कळत नाही, आणि खालच्या चौकातल्या वळणाची सूचना पुलावर ऐकू येते.

पण आमच्याकडचा सर्वांत मोठा घोळ नसलेल्या रस्त्यांचा नाही, असलेल्या रस्त्यांच्या प्रकाराचा आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट आणि एकेरी डांबरी रस्ता हे सगळे एका फिक्या रेघेसारखे दिसतात. नकाशा बनवणाऱ्याने त्या रेघेला ‘ग्रामीण रस्ता’ म्हणून नोंदवलं की यंत्राच्या लेखी ती वाहतुकीची वाट झाली. चैत्रात त्यावरून गाडी जाईलही. पण मृगाचा पाऊस पडून गेल्यावर काळ्या चिकण मातीत चाक असं बसतं की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय निघत नाही. ज्याने ती माती पाहिलेली नाही त्याला हा फरक नकाशात कसा भरायचा हे सुचणार नाही. माझ्या मते मराठवाड्यासाठी नकाशात एकच सुधारणा करायची असेल तर ती ही: रस्ता आहे का एवढं पुरे नाही, तो पावसाळ्यात रस्ता राहतो का तेही लिहा.

फरशी पुलांचंही तसंच. नकाशात पूल म्हणजे पूल, त्याची उंची नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे पुलांवरून पाणी वाहत होतं आणि त्या वेळीही गाडीतला साठवलेला नकाशा तेच रस्ते नेहमीसारखे दाखवत होता. त्याला पाऊस ठाऊकच नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ मोबाईलवरच्या नकाशाने दाखवलेल्या वाटेने जाणारी गाडी रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून खाली पडली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. वाटेत अडथळे लावलेले नव्हते, तो दोष माणसांचाच. पण यंत्राच्या लेखी पूल अजून उभा होता. ही बातमी मी मुलांना वर्गात वाचून दाखवली होती. पाणी चढलेल्या पुलापाशी पडदा काय म्हणतो ते बघायचंच नाही, थांबायचं आणि गावकऱ्यांना विचारायचं.

नावांचा गुंता

आमचं लग्न चुकलं ते या तिसऱ्या कामात.

आष्टी वर्धा जिल्ह्यातही आहे. मुरूड लातूरचं आणि मुरूड जंजिऱ्याचं. कळंब धाराशिवचं, यवतमाळचं, पुणे जिल्ह्यातलं. सेलू परभणीतलं आणि वर्ध्यातलं. अंबड जालन्यातलं आणि नाशिकच्या एमआयडीसीचं. शिरूर तर कासार, अनंतपाळ, ताजबंद आणि पुण्याजवळचं. माणूस बोलताना आडनाव लावल्यासारखं ‘शिरूर अनंतपाळ’ म्हणतो. यंत्र यादीत कधी मोठं गाव वर टाकतं, कधी जवळचं, आणि घाईत आपण पहिलंच दाबतो.

त्यावर रोमन स्पेलिंगचा भार. बीड कुणी दोन ‘ई’ लिहून शोधतं, कुणी एका ‘आय’ने. वसमत ‘व्ही’ने लिहिलेलं मिळत नाही, तेव्हा ‘बी’ने लिहून पाहावं. गेवराईत ‘व्ही’ घालायचा की ‘ओ’, औसा ‘ए-यू’ की ‘ओ-डब्ल्यू’, हे त्या नकाशात नाव भरणाऱ्याने काय लिहिलं होतं यावर ठरतं. रस्त्यांच्या क्रमांकांचीही तीच गत. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, धुळे-सोलापूर रस्ता २११ चा ५२ झाला आणि परभणी-नांदेडवरून जाणारा कल्याण-निर्मल २२२ चा ६१. पण लोकांच्या तोंडी आणि काही जुन्या नकाशांत मागचे आकडे अजून आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहर छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबाद धाराशिव. त्याआधीच्या नकाशाला ही नावं टाकली तर काही सापडत नाही. मग जुनं नाव टाकावं लागतं, आणि तिथे दुसरा धोका आहे, कारण बिहारमध्येही औरंगाबाद आहे. अंतर हजार किलोमीटरच्या पुढे दिसलं तर समजावं.

किल्लारीची गोष्ट यापेक्षा जड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासची कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली. जुनं गावठाण एकीकडे, नांदतं गाव दुसरीकडे, नाव मात्र एकच. नकाशातला नावाचा ठिपका यातल्या कोणत्या जागेवर आहे हे निघण्यापूर्वी पडदा मोठा करून बघून घ्यावं. कुणाच्या तेराव्याला, कुणाच्या बारशाला निघालेल्या माणसाने पडक्या भिंतींपाशी जाऊन उभं राहू नये.

वाट कोण ठरवतं

चौथं काम गणिताचं, आणि चौघांत तेच सर्वांत पक्कं. रस्त्यांच्या जाळ्यातून सर्वांत कमी खर्चाची वाट काढायची रीत एड्सगर डाइकस्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये कॉफी पिता पिता शोधली, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत. आजची यंत्रं तिचीच सुधारलेली रूपं वापरतात. गणित चुकत नाही, पण त्याला दिलेले आकडे चुकतात. पाणंदीवर ताशी ४० ने जाता येतं असं नकाशाने सांगितलं तर गणित प्रामाणिकपणे तिकडूनच वाट काढणार, वर ‘चार मिनिटं वाचली’ असंही सांगणार. म्हणून सेटिंगमध्ये ‘सर्वांत कमी अंतर’ कधी निवडू नये, ‘सर्वांत जलद’ ठेवावं, आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ असा पर्याय असेल तर तो सुरू ठेवावा. शिवाय यंत्र कारचा हिशेब करतं. कन्नडच्या औट्रम घाटात २०२३ पासून जड वाहनांना बंदी आहे. कारच्या नकाशावर ट्रक हाकणाऱ्याला ती दिसेलच असं नाही.

गर्दीच्या रंगांबद्दल एवढंच सांगते: ती माहिती रस्त्यावरून जाणाऱ्या इतर फोन आणि गाड्यांच्या वेगावरून बनते. पुण्यात हजारो फोन असतात. आपल्या आडरस्त्यावर त्या वेळी एखादाच असेल, किंवा एकही नसेल. रस्त्यावर लाल रंग नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा होत नाही, कुणी काही सांगितलेलं नाही एवढाच होतो. उसाच्या ट्रॉल्यांची रांग त्याला दिसलेली नसते.

गाडी दहा वर्षं, नकाशा किती?

गाडी आपण दहा-बारा वर्षं वापरतो. नकाशाची मोफत अपडेट मात्र काही वर्षांचीच असतात, पुढे पैसे भरायचे किंवा तो तसाच जुना होऊ द्यायचा. यंत्र जुनं झालं की कधी अजब ठिकाणी अडतं. जीपीएस आठवडे मोजतं ते ० ते १०२३ पर्यंत, म्हणजे साडेएकोणीस वर्षांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ ला अशी वेळ येऊन गेली, पुढची नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. ज्यांच्या सॉफ्टवेअरने याची तजवीज केलेली नसते ती यंत्रं तारीख चुकतात. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि अ‍ॅक्युराच्या बऱ्याच जुन्या गाड्यांतली घड्याळं एकाएकी २००२ साल दाखवू लागली होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांनी थ्री-जी नेटवर्क बंद केलं तेव्हा अनेक गाड्यांच्या ऑनलाइन सेवा कायमच्या गेल्या. गाडी धडधाकट होती, पण तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. सिमकार्ड असलेली गाडी घेताना ही सेवा किती वर्षांची, पुढे किती पैसे, आणि नकाशाचं अपडेट आपोआप येतं की पेनड्राइव्हने घालावं लागतं, हे लेखी विचारून घ्यावं. सेटिंगमध्ये नकाशाची आवृत्ती दिसते. ती पाहून ठेवली की कोणता रस्ता त्यात असेल आणि कोणता नसेल याचा अंदाज येतो.

आमच्या घरी आता लांब निघताना दोन्ही चालू असतात, गाडीतलं आणि नकाशा उतरवून घेतलेला फोन. दोघांची वाट जुळली तर प्रश्न नाही. जुळली नाही तर गाडी थांबवून, पडदा मोठा करून, वाटेतली चार गावं वाचतो. गाव निवडताना तालुका आणि जिल्हा मोठ्याने वाचायचा हे काम अण्णांकडे आहे.

आणि जी जागा नकाशात नाहीच, शेतातलं घर, वस्ती, तांडा, तिथे एकदा पोचल्यावर उभ्या जागी ‘सेव्ह’ दाबून ठेवायचं. अक्षांश-रेखांशाचे दशांशानंतरचे चार आकडे बरोबर असले तर जागा अकरा मीटरच्या आत सापडते, मग स्पेलिंग आणि सारखी नावं यांचा संबंधच उरत नाही. पोळ्याला आम्ही अण्णांना घेऊन पुन्हा त्यांच्या बहिणीकडे गेलो, या वेळी धारूरवरून. निघताना पुतण्याने अंगणात गाडी उभी करून ती जागा साठवली आणि अण्णांना विचारलं, नाव काय देऊ?

“आष्टी,” अण्णा म्हणाले. “परतूरची.”